सकाळपर्यंत थांबू नका, हे त्यांना कोणी सांगायचं?

प्रति,
मा. आयुक्त, पशुसंवर्धन,
महाराष्ट्र राज्य, औंध, पुणे



साताऱ्यातल्या एका खासगी पशुदवाखान्यात मी काम करते. फोन घ्यायचे, केसपेपर करायचा, डॉक्टर सुई देत असताना जनावर धरायचं, सलाईन संपत आली की हाक मारायची. आमच्याकडे येतात ती बहुतेक कुत्री आणि मांजरं. या पत्रात मागण्या दोनच आहेत, म्हणून त्या आधीच सांगून टाकते. रेबीजची लस टोचल्यावर जनावराच्या मालकाला जे प्रमाणपत्र मिळतं, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कोणत्या लक्षणांना सकाळपर्यंत थांबायचं नसतं ते साध्या मराठीत छापून द्या. आणि रात्री-अपरात्री कोणाचं दार वाजवायचं, याची जिल्हावार यादी लोकांसमोर ठेवा.

सकाळी आम्ही शटर वर करतो तेव्हा पुष्कळदा पायरीवर कोणीतरी आधीच बसलेलं असतं. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं जनावर असतं. कधीपासून असं करतोय, असं विचारलं की उत्तर येतं, "रात्रीपासूनच हो. म्हटलं, सकाळी बघू." ही माणसं बेपर्वा नसतात. रात्रभर जागलेली असतात, डोळे तारवटलेले असतात. त्यांनी कुत्र्याच्या तोंडात चमच्याने पाणी घातलेलं असतं, पोटावरून हात फिरवलेला असतो, देवापुढे दिवासुद्धा लावलेला असतो. माया कुठेच कमी पडलेली नसते. दहा वाजता सुरू झालेला त्रास दहालाच दाखवायचा होता, एवढंच त्यांना ठाऊक नसतं. आणि हे आम्ही दवाखान्यात बसून सांगायचं म्हटलं तर उशीर झालेला असतो, कारण माणूस आमच्याकडे येतो तो जनावर पडल्यावर. लसीच्या दिवशी मात्र सगळे धडधाकट जनावर घेऊन, निवांत मनाने येतात. सांगायची वेळ ती आहे.

बोक्याचं उदाहरण आधी घेते, कारण त्यात फसगत सर्वांत जास्त होते. बोका पुन्हा पुन्हा मातीच्या ट्रेमध्ये जातो, पाठ वाकवून बसतो, जोर करतो, मधूनच कळवळून ओरडतो, बाहेर येऊन खालची जागा चाटत राहतो. घरच्यांना वाटतं, खडा झाला, संडासला होत नाही. मग कोणी चमचाभर एरंडेल पाजतं, कोणी दुधात तूप घालून देतं. प्रत्यक्षात त्याची लघवी तुंबलेली असते. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाकडे इतका अरुंद असतो की बारीक खर आणि चिकट स्राव यांचा एवढासा बोळा तो बंद करायला पुरतो. मूत्राशय भरत जातं, मूत्रपिंडांवर दाब येतो, रक्तातलं पोटॅशियम चढू लागतं आणि त्याचा फटका थेट हृदयाच्या ठोक्यांना बसतो. पुरतं तुंबल्यावर एक-दोन दिवसांत असा बोका दगावतो. वेळेत आणला तर भूल देऊन, नळी घालून मूत्राशय मोकळं करता येतं आणि बहुतेक बोके बरे होऊन घरी जातात. फोनवर मी एकच प्रश्न विचारते, "ट्रेमध्ये ओली ढेकळं दिसतात का?" त्यावर "नाही, पण सारखा आत-बाहेर करतोय" असं ऐकू आलं की मी पुढचं काही विचारत बसत नाही. पोट दाबून बघू नका, त्याला झाकणाच्या टोपलीत घाला आणि निघा, एवढंच सांगते.

मोठ्या कुत्र्यांमध्ये असाच घात पोट करतं. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन, आपल्याकडची कारवानी, म्हणजे ज्यांची छाती खोल आणि कंबर बारीक असते, अशा कुत्र्यांच्या जठरात वायू भरतो आणि जठर स्वतःभोवतीच फिरतं. पीळ पडला की दोन्ही तोंडं बंद. आता आतलं वर येत नाही आणि खालीही सरकत नाही. रात्रीचं जेवण होऊन तास-दोन तास झालेले असतात. कुत्रं एका जागी बसत नाही, वळून वळून स्वतःच्या कुशीकडे बघतं, उमाशांवर उमासे काढतं आणि बाहेर पडतो तो फक्त फेस. बरगड्यांमागचं पोट ताणलेलं दिसतं. लाळेच्या तारा लोंबतात. या टप्प्यावर घरात इनो निघतं, हिंगाचं पाणी होतं, ओवा चावून भरवला जातो. गॅस झालाय हे निदान अर्धं बरोबरच असतं, म्हणून तर ते इतकं महागात पडतं. पिळलेल्या जठराचा रक्तपुरवठा तुटलेला असतो आणि त्यावर शस्त्रक्रियेशिवाय उपाय नाही. तीही काही तासांच्या आत. शिरवळला आपलं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण रात्री अकराला तिथे कोण भेटेल हे विचारायला नेमका कोणता नंबर लावायचा, ते घरच्या माणसाला माहीत नसतं. तो खंबाटकीचा बोगदा ओलांडून थेट पुण्याच्या दिशेने सुटतो आणि गाडीतूनच एकेका दवाखान्याला फोन लावत राहतो. मागच्या सीटवर कुत्र्याचे तास संपत असतात.

आयुक्तसाहेब, लक्षणांची जंत्री छापली की ती कोणी वाचत नाही, हे मला कळतं. म्हणून त्या कागदावर आधी एक कृती असावी, जी लसीच्या टेबलापाशीच करून दाखवता येईल. वरचा ओठ अंगठ्याने उचलायचा. सुळ्याच्या वरची हिरडी बघायची. ती गुलाबी आणि ओलसर हवी. बोटाने दाबून सोडली की तेवढी जागा पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी होते. रंग परतायला याहून वेळ लागला, तर रक्त अंगभर नीट फिरत नाहीये. हिरडी कागदासारखी पांढरी असेल तर रक्त गेलं आहे, मग ते बाहेर दिसो न दिसो. निळसर असेल तर श्वास पुरत नाहीये. विटकरी लाल असेल तर ऊन लागलंय किंवा रक्तात विष भिनतंय. पिवळी असेल तर यकृत नाही तर रक्तपेशी बिघडल्या आहेत. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात, त्यांची डोळ्याखालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघावा. दुसरी गोष्ट श्वास. झोपलेल्या कुत्र्या-मांजराची छाती मिनिटाला तीसपेक्षा कमी वेळा वर-खाली होते. घरी सगळं ठीक असताना एकदा मोजून ठेवलं की बिघडलेलं लगेच कळतं. कुत्रं जीभ काढून धापतं ते नेहमीचंच, पण मांजर तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागलं तर ते दमलंय असं कोणी समजू नये. मांजराच्या बाबतीत ही थेट दवाखाना गाठण्याची खूण आहे.

एप्रिल-मे महिन्यांत उन्हाच्या केसेस येतात. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही; ते अंगातली उष्णता मुख्यतः धापेवाटे बाहेर टाकतं. पग, बुलडॉग, शित्झू यांचं नाक चपटं, श्वासाची वाट आधीच आखूड, त्यांना हे जमत नाही. त्यातून बंद गाडीत ठेवलं, गच्चीवर बांधलं, दुपारी डांबरावरून फिरवलं की झालं. निरोगी कुत्र्याचं तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असतं; ते 105-106 वर गेलं की आतडी, मूत्रपिंडं, मेंदू सगळंच धोक्यात येतं. आधी गार करायचं, मग दवाखान्यात न्यायचं, हा क्रम लोकांना माहीत नाही. नळाचं पाणी अंगभर ओतायचं, पंखा लावायचा, गाडीच्या काचा उघड्या ठेवून निघायचं. ओला टॉवेल गुंडाळून ठेवला तर उष्णता आतच कोंडते. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही. विदर्भात आणि मराठवाड्यात तर ही सूचना उन्हाळ्याआधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागायला हवी, असं मला वाटतं.

आता औषधांबद्दल. इथे आपल्या खात्याला मी काही नवीन सांगते असं नाही. गाई-म्हशींना दिलेल्या डायक्लोफिनॅकने गिधाडं संपत आली आणि 2006 साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. एकाला मानवणारं वेदनाशामक दुसऱ्याच्या मुळावर येतं, हे आपल्या खात्याइतकं कोणाला ठाऊक असणार? घराघरांत मात्र तेच चाललं आहे. मांजराला कणकण वाटली म्हणून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दिली जाते. ते औषध पचवायला लागणारी यकृतातली यंत्रणा मांजराकडे जवळपास नाहीच. काही तासांत तोंड सुजतं, हिरड्या चॉकलेटी पडतात, श्वास लागतो. एका गोळीने मांजर मरतं. लंगडणाऱ्या कुत्र्याला घरातली आयब्युप्रोफेन दिली जाते आणि जठराला जखमा होऊन ते काळं संडास करू लागतं. आणखी एक प्रकार खेड्यांतून येतो. गोठ्यात जनावरांच्या गोचिडांसाठी आणलेलं डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन पाण्यात कालवून मांजराला चोपडतात. गाईला त्याचं काही होत नाही. मांजर थरथरायला लागतं, मग झटके येतात. ती बाटली आपल्याच दवाखान्यांच्या शिफारशीवरून घरात आलेली असते. देताना "हे मांजराला लावायचं नाही" एवढं वाक्य पशुधन पर्यवेक्षकाने उच्चारलं तरी फरक पडेल.

उंदरांच्या औषधांनी तर दोन प्रकारे फसवणूक होते. वडीच्या स्वरूपात मिळणारं ब्रोमाडायोलोन खाल्ल्यावर कुत्रं दोन-तीन दिवस खेळत-बागडत असतं, त्यामुळे घरचे निर्धास्त होतात. आत रक्त गोठण्याची क्रिया बंद पडत चाललेली असते. नंतर नाकातून रक्त, हिरड्या पांढऱ्या, छातीत रक्त साठून धाप. व्हिटॅमिन के-1 हा त्यावर उतारा आहे आणि पहिल्याच दिवशी सुरू केला तर कुत्रं हमखास म्हणावं इतकं वाचतं. झिंक फॉस्फाइड मात्र तासाभरात गाठतं, पोटात गेल्यावर विषारी वायू होतो, आणि त्या उलटीच्या वाफेने माणसालाही त्रास होतो. म्हणून खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि पोटात अन्न-दूध काही घालायचं नाही. कोणतंही विष असो, मीठ-पाणी पाजून ओकवायचा उद्योग करू नये. मिठानेच जनावर मेल्याची उदाहरणं पशुवैद्यकात आहेत. पाकीट, वडीचा तुकडा, झाडाचं पान, जे मिळेल ते बरोबर आणावं. फिनेल, रॉकेल, ॲसिड यांत तर ओकवण्याने घसा दुसऱ्यांदा भाजतो. कांदा-लसणाचा रस्सा, मनुका, चॉकलेट, शुगरफ्री च्युइंगम ही कुत्र्याला विषारी ठरणाऱ्या खाण्याची नावं एका ओळीत छापली तरी पुरे.

पावसाळ्यात साप. आमच्याकडे घोणस, नाग, मण्यार, फुरसे, चारही आहेत. कुत्रं हुंगायला जातं, म्हणून दंश थोबाडावर किंवा पुढच्या पायावर असतो. घोणस चावली की सूज आणि रक्तस्राव; मण्यार चावली तर खूणही सापडत नाही आणि मागचे पाय आधी लुळे पडतात. बांधणं, चिरणं, चोखणं, मांत्रिकाकडे नेणं, यांत गेलेली घटका परत येत नाही. कुत्र्याला चालवायचं नाही, उचलून आणायचं. माणसाला देतात तीच घोड्याच्या रक्तापासून बनवलेली, चारही सापांवर चालणारी प्रतिविषाची लस कुत्र्यालाही लागते. ती माणसांच्या औषधांच्या दुकानांत सहज मिळत नाही आणि सरकारी रुग्णालयातला साठा माणसांसाठी राखीव असतो, जो राखीवच असायला हवा. पण जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात पावसाळ्याचे चार महिने या लसीच्या काही कुप्या ठेवता येतील का, याचा विचार व्हावा. भुकटीच्या स्वरूपातली कुपी फ्रीजशिवायही टिकते. तिचा उपयोग बैलाला आणि शेळीलाही होईल, नुसता आमच्या पेशंटांना नाही.

बाकीचं थोडक्यात सांगते. फिट आली तर तोंडात हात घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. खोलीत अंधार करावा, आजूबाजूचं सामान सरकवावं, घड्याळ बघावं. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, किंवा एक ओसरते न ओसरते तोच दुसरी आली, तर लगेच निघावं. ऑपरेशन न झालेली कुत्री माजावर येऊन गेल्यानंतर महिना-दोन महिन्यांत खूप पाणी पिऊ लागली, खाणं सोडलं, सुस्त झाली, तर पिशवीत पू झाल्याची शंका घ्यावी, मग खालून स्राव दिसो वा न दिसो. पिल्लांना पाजणारी छोटी पॉमेरेनियन अचानक थरथरू लागली, पाय ताठ झाले, तर तो कॅल्शियम उतरल्याचा प्रकार असतो. आपले पर्यवेक्षक व्यालेल्या गाईचा दुग्धज्वर ओळखतात, त्यांना हे समजावायला वेळ लागणार नाही. कुत्रीने अर्धा तास जोराच्या कळा देऊनही पिल्लू आलं नाही, तर वाट बघत बसू नये. दोन-चार महिन्यांच्या पिल्लाने उलट्या केल्या, घाण वासाचं रक्ताळ संडास केलं, तर ते जंत पडल्याचं समजून औषध आणायला जाऊ नये. पार्व्हो असण्याची शक्यता असते आणि त्यात पाणी तुटून पिल्लू जातं.

एका गोष्टीवर मात्र थांबायलाच हवं, कारण तिथे माणसाचा जीव गुंतलेला आहे. कुत्र्याचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाहीये, आवाज बदललाय. बघणाऱ्याला वाटतं, घशात हाड अडकलं. तो हात घालून चाचपतो. रेबीज झालेलं कुत्रंही नेमकं असंच दिसतं. दर वेळी ते पिसाळलेलं आणि अंगावर येणारं असतं असं नाही. काही वेळा ते गप्प, लुळं पडलेलं असतं. लस न घेतलेल्या किंवा अनोळखी कुत्र्याच्या तोंडात हात घालायचा नाही. हात गेलाच असेल, ओरखडा असेल, चावा असेल, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठायचं. हळद, चुना, तिखट यांतलं काही भरायचं नाही. लक्षणं दिसायला लागल्यावर रेबीजमधून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. रेबीजच्या प्रमाणपत्रामागे जागा मागते आहे ती याही कारणाने. कुत्र्याच्या काळजीचं ज्ञान आणि माणसाच्या बचावाचं ज्ञान एकाच कागदावर मावतं.

दुसरी मागणी रात्रीची. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभं आहे, 1886 साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालयही तिथेच. आणि 2024 मध्ये महालक्ष्मीला टाटांचं लहान जनावरांचं मोठं रुग्णालय सुरू झालं. मुंबईकराला निदान कुठे जायचं हे ठाऊक आहे. साताऱ्यात, बीडमध्ये, सिंधुदुर्गात रात्री काय? प्रत्येक जिल्ह्यात असं रुग्णालय उभं करा, असं मी म्हणत नाही. जे पशुवैद्य आहेत त्यांची पाळी लावा. जिल्ह्याच्या गावी सरकारी आणि खासगी मिळून जे डॉक्टर कुत्र्या-मांजरांवर उपचार करतात, त्यांनी रात्री आळीपाळीने वाटून घ्याव्यात आणि जिल्हा उपायुक्त कार्यालयाने महिन्याची यादी लावावी. खासगी डॉक्टरांना एकट्याने रोजची रात्र झेपत नाही. आमच्या डॉक्टरांचा फोन रात्री दोनलाही वाजतो आणि सकाळी नऊला त्यांना टेबलापाशी उभं राहायचं असतं. पाळी ठरली तर ते निदान सहा रात्री झोपतील आणि सातव्या रात्री ताजे असतील. रात्रीचं वेगळं शुल्क असलं तरी लोक ते देतात. नंबर लागत नाही, याचाच त्यांना जास्त त्रास होतो.

1962 या फोन नंबरवरची फिरत्या पशुदवाखान्याची सेवा मुळात शेतकऱ्याच्या दारात जाण्यासाठी आहे. अडलेल्या गाईला सोडून ती गाडी पगकडे वळावी, असं म्हणणारी मी नाही. माझी मागणी फोन उचलणाऱ्यापुरती आहे. त्याच्यासमोर त्या रात्रीच्या डॉक्टरचं नाव आणि दहा प्रश्नांचा एक कागद असावा. हिरडी कोणत्या रंगाची आहे? लघवी झाली का? पोट फुगलंय का? उलटीत काही पडतंय की नुसताच फेस? विष असेल तर पाकिटावर काय लिहिलंय? या उत्तरांवरून "आत्ता निघा" की "सकाळी चालेल" एवढं सांगता आलं, तरी महाराष्ट्रभर कितीतरी घरांतली घालमेल थांबेल. "सकाळी चालेल" हेही उत्तर मोलाचं आहे. एकदा उलटी करून शेपटी हलवत फिरणाऱ्या कुत्र्यासाठी मध्यरात्री कोणाला उठवायची गरज नसते.

आपल्या खात्यात पदं रिक्त आहेत, लसीकरणाच्या मोहिमा आहेत, लंपीसारख्या साथी येतात, दुष्काळात छावण्या उघडाव्या लागतात. अशात शहरी लोकांच्या लाडक्या कुत्र्यांचं काय घेऊन बसलात, असं कोणी म्हणेल. दवाखान्याच्या पायरीवर मला जे दिसतं ते वेगळं आहे. मंडईत भाजी विकणारी बाई तिच्या गाड्याखाली झोपणारं कुत्रं हातगाडीवर घालून आणते. रिक्षावाले त्याला बसू देत नाहीत म्हणून. धनगराचं राखणीचं कुत्रं येतं, ज्याच्यावर अख्खा कळप विसंबून असतो. एकट्या राहणाऱ्या निवृत्त मास्तरांचा बोका येतो. सातव्या मजल्यावरून पस्तीस किलोचं लॅब्राडोर चादरीच्या झोळीत घालून जिन्याने उतरवणारी दोन कॉलेजची मुलं येतात. सोसायटीने लिफ्टमध्ये कुत्र्याला मनाई केलेली असते. अशी मनाई करता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने कधीच स्पष्ट केलं आहे, पण त्या रात्री वॉचमनशी वाद घालायला वेळ कोणाला असतो? तीही ओळ त्या कागदावर असू द्या.

28 सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो आणि त्या सुमारास गावोगावी लसीकरणाची शिबिरं होतात. या वर्षीची प्रमाणपत्रं छपाईला जाण्याआधी हा निर्णय व्हावा, अशी विनंती आहे. मजकूर लिहायला आपल्याकडे शिरवळ, परळ, नागपूरच्या महाविद्यालयांतली जाणती मंडळी आहेत, त्यांच्यापुढे मी काय सांगावं? एवढंच सुचवते, की छापण्याआधी तो कागद अशा एका माणसाला वाचायला द्यावा, ज्याच्या घरी पहिल्यांदाच पिल्लू आलं आहे. वाचताना तो जिथे अडेल, तिथला शब्द बदलावा.

कळावे,

आपली,
साताऱ्यातील एका पशुदवाखान्यातील मदतनीस